नाच बसवणारी बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने एखाद्या कर्तबगार स्त्रीची ओळख करून द्यावी, ही आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर या जागी झाशीच्या राणीवर, सावित्रीबाईंवर, रमाबाई रानड्यांवर आणि आनंदीबाई जोश्यांवर फार चांगली भाषणे झाली. यंदा कार्यवाहबाईंनी ही पाळी माझ्यावर घातली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की माझ्या हातातला कागद थरथरतो, तसा तो आताही थरथरतो आहे. तेव्हा चुकलेमाकले तर घरचीच समजून सांभाळून घ्या.

मी जिच्याविषयी बोलणार आहे ती बाई परदेशातली, अमेरिकेतली. तिने राज्य केले नाही, शाळा काढली नाही, की कुणाच्या जखमा बांधल्या नाहीत. तिने नाच बसवले. तिचे नाव ॲग्नेस डी मिल. हे नाव कार्यवाहबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हिचे नाव इथे कुणी ऐकलेलेसुद्धा नसेल." मीही ते गेल्या वर्षापर्यंत ऐकले नव्हते. माझ्या थोरल्या मुलीने कॉलेजच्या ग्रंथालयातून या बाईंचे आत्मचरित्र आणले. रात्री ओटा आवरून झाला की ती चार-चार पाने वाचायची आणि मला अर्थ सांगायची. पावसाळाभर आमचे हे वाचन चालले होते. पुढे बाईंची बाकीची हकिगत मुलीनेच इकडून तिकडून शोधून मला सांगितली. आज मी बोलते आहे ती त्या शिदोरीवर.

आधी बॅले म्हणजे काय ते सांगते. हा युरोपातल्या राजदरबारांत वाढलेला नाच. त्यात कुणी बोलत नाही. वाद्ये वाजत असतात आणि नाचणारे अंगाच्या हालचालींतून गोष्ट सांगतात. मुली खास बूट घालून पायांच्या बोटांच्या टोकांवर उभ्या राहतात, गिरक्या घेतात, आणि अंगाला वजनच नसावे अशा दिसतात. पूर्वीच्या बॅलेत गोष्टी असायच्या त्या राजकन्यांच्या, पऱ्यांच्या, हंस झालेल्या मुलींच्या. आता नाटकाला जसा लेखक आणि गाण्याला जसा संगीतकार, तसा या नाचाला नृत्यरचनाकार असतो. कोणी कुठून यायचे, कोणत्या सुरावर हात उचलायचा, कुठे थांबायचे, कोणाकडे पाहायचे, हे सगळे तो आपल्या डोक्यातून काढतो आणि नाचणाऱ्यांच्या अंगात उतरवतो. आपल्या बोलीत सांगायचे तर तो नाच बसवतो. ॲग्नेसबाईंचे काम हे.

त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १९०५ चा, न्यूयॉर्क शहरातला. घर मोठे नामांकित. आईचे वडील हेन्री जॉर्ज हे जमिनीवरच्या कराविषयी लिहिणारे, जगभर वाचले गेलेले अर्थशास्त्रज्ञ. वडील विल्यम डी मिल नाटककार, आणि काका सेसिल डी मिल तर पुढे हॉलिवूडचे फार मोठे चित्रपट-दिग्दर्शक झाले. १९१४ साली हे कुटुंब हॉलिवूडला राहायला गेले. अशा घरातल्या मुलीला नाचायचे असेल तर काय अडचण, असे आपल्याला वाटेल. पण तसे नव्हते. लहान ॲग्नेसने ॲना पाव्हलोवा या रशियन नर्तकीचा नाच पाहिला आणि त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना. वडिलांनी मात्र साफ नकार दिला. शिकलेल्या, विचारी घरातल्या मुलीने नाच हा व्यवसाय करायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा मी म्हटले, अगं, म्हणजे मातीच्या चुली सगळीकडे सारख्याच!

वाट उघडली ती कशी, ते ऐका. ॲग्नेसची धाकटी बहीण मार्गारेट हिचे तळवे सपाट होऊ लागले होते. हाडांच्या डॉक्टरांनी पायांना व्यायाम म्हणून तिला बॅले शिकवा असे सांगितले. औषध म्हणून नाच चालला! धाकटीला नाचाच्या शाळेत घातले, तेव्हा थोरलीलाही जाऊ द्यावे लागले. तोवर ॲग्नेस तेरा-चौदा वर्षांची झाली होती. बॅलेला आठ-नऊ वर्षांच्या मुली बसतात, म्हणजे हिला उशीरच झाला. त्यात अंगकाठी बॅलेच्या मापाची नव्हती. धड लांब, हातपाय त्या मानाने आखूड. बाकीच्या मुली रोज शिकत, हिला आठवड्यातून दोनच शिकवण्या मिळत. घरी न्हाणीघरात ती एकटीच सराव करी.

पुढे नाच सोडून ती कॉलेजात गेली आणि १९२६ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झाली. त्याच सुमारास घरात मोठे दुःख आले. आईवडिलांनी काडीमोड घेतला. आई दोन्ही मुलींना घेऊन न्यूयॉर्कला आली, आणि तिथे ॲग्नेसने पुन्हा नाच धरला. आता पायांची ताकद पुन्हा पहिल्यापासून कमवायची होती. आईने तिच्या कार्यक्रमांसाठी पदरचे पैसे घातले.

यानंतरची जवळजवळ पंधरा वर्षे फार कष्टाची गेली. ती एकटीच लहान लहान नाच बसवायची आणि एकटीच नाचायची. रंगमंचावर जायची वेळ आली म्हणून घाबरलेली मुलगी, सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांतली एक बाई, अशी ती सोंगे असत. वर्तमानपत्रांत नाव येई, लोक हसत, टाळ्या वाजवत, पण पोट भरेल इतके पैसे काही मिळत नसत. मग ती लंडनला गेली आणि मारी रँबेअर या नावाजलेल्या शिक्षिकेकडे शिकली. १९३४ मध्ये काकांच्या 'क्लिओपात्रा' चित्रपटासाठी नाच करण्याची संधी आली, पण तो काकांना पसंत पडला नाही आणि तिला तिथून परतावे लागले. घरचाच मोठा माणूस, सगळ्यांच्या देखत नाकारतो, हे केवढे लागले असेल! पुढे १९३८ साली लंडनही सोडावे लागले. वय तेहतीस. लग्न नाही, स्थिर काम नाही, आणि नर्तकीचे वय तर उतरणीला लागलेले. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती की झाले तेवढे पुरे.

पण या वर्षांत एक गोष्ट तिच्या हाती लागली होती. आपण हंस आणि राजकन्या होऊ शकत नाही, तर आपण जे आहोत त्यातूनच नाच करायचा. माणसे चालतात कशी, लाजतात कशी, वाट पाहतात कशी, कुणी आपल्याकडे पाहत नाही असे कळले की खांदे कसे पडतात, हे ती पाहत राहिली.

१९४२ साली तिला मोठी संधी मिळाली. रशियन बॅलेची एक नामांकित मंडळी युद्धामुळे अमेरिकेत अडकून राहिली होती. तिने अमेरिकन विषयावरचा बॅले बसवण्याचे काम ॲग्नेसबाईंना दिले. त्यांनी 'रोडिओ' नावाचा बॅले रचला. रोडिओ म्हणजे तिकडच्या गुराख्यांच्या घोडेस्वारीच्या शर्यती. संगीत एरन कोपलंड यांचे. नर्तक होते रशियन तालमीतले, राजपुत्रासारखे हात पसरून चालणारे. त्यांना बाईंनी घोडा नसताना घोड्यावर बसायला शिकवले. लगाम धरायचा, रिकिबीत पाय, उसळत्या घोड्याने अंगाला बसलेला हिसका, सगळे नुसत्या अंगातून दाखवायचे. जोडीला खेड्यातल्या शनिवार रात्रीचा सामुदायिक नाच, ज्यात एकजण ओरडून पुढची चाल सांगतो आणि बाकीचे तशी जागा बदलतात. आपल्या गोफाची किंवा टिपऱ्यांची आठवण यावी असाच तो प्रकार.

गोष्ट अगदी साधी आहे. गुरांच्या मोठ्या मळ्यावर एक मुलगी असते. ती पुरुषी पोशाख घालते, गुराख्यांच्या बरोबरीने घोडा हाकते, आणि त्यांच्या मुकादमावर तिचा जीव असतो. पुरुष तिला हसतात आणि बायकाही हसतात. रात्री सगळे जोडीजोडीने नाचू लागतात आणि हिला कोणी विचारत नाही. ती भिंतीशी उभी राहते. भगिनींनो, दाखवून घेण्याच्या कार्यक्रमात पाहुणे पोहे खाऊन उठतात आणि नंतर निरोप येत नाही, तेव्हा घरातली मुलगी कशी उभी असते ते आपल्यापैकी कितीजणींना सांगावे लागेल? ते उभे राहणे बाईंनी नाचात आणले. शेवटी ती मुलगी झगा घालून येते, आणि ज्याच्यावर जीव होता त्याच्याऐवजी जो पहिल्यापासून तिच्याशी माणुसकीने वागत होता त्याच्याबरोबर नाचते.

१६ ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये पहिला प्रयोग झाला. ती मुलगी ॲग्नेसबाई स्वतः झाल्या होत्या. वय सदतीस. प्रयोग संपल्यावर लोकांनी टाळ्यांनी त्यांना बावीस वेळा पडद्यापुढे बोलावले. ज्या अंगकाठीला बॅले नको होता, तिच्यापुढे तो आता हात जोडून उभा होता.

त्या प्रेक्षकांत संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि गीतकार ऑस्कर हॅमरस्टीन होते. ते एक नवे संगीत नाटक करीत होते, त्याचे नाव 'ओक्लाहोमा'. त्याचे नाच त्यांनी बाईंकडे सोपवले. तोवर अशा नाटकांत नाच असे तो बहुतेक करमणुकीपुरता. गोष्ट थांबायची, सुंदर मुली रांगेने येऊन पाय उडवायच्या, आणि गोष्ट पुन्हा सुरू व्हायची. या नाटकाची नायिका लॉरी. तिला एक गुराखी आवडतो, आणि शेतावरच्या एका उग्र, एकलकोंड्या गड्याची तिला भीती वाटते. पहिल्या अंकाच्या शेवटी तिला स्वप्न पडते ते नाचातून दाखवायचे होते. हॅमरस्टीन यांची मूळ कल्पना त्या स्वप्नात सर्कस आणायची होती. बाई म्हणाल्या की अशा प्रसंगी मुलीला सर्कशीची स्वप्ने पडत नाहीत, तिच्या मनात भीती असते. आणि त्यांचे म्हणणे मान्य झाले.

१९५५ साली या नाटकाचा चित्रपट निघाला, त्यातलेही नाच बाईंचेच. तो मुलीने मला दाखवला. स्वप्नात लॉरी नवरी होते. मैत्रिणी तिला सजवतात, डोक्यावर जाळीचे वस्त्र घालतात. आणि ते वस्त्र वर उचलले जाते तो समोर आवडता मुलगा नाही, तो गडी! त्याच्या खोलीत भिंतीवर ज्या बायकांची चित्रे लावलेली असतात त्या बायका जिवंत होऊन येतात आणि थकलेल्या, मेलेल्या डोळ्यांनी नाचतात. शेवटी गडी त्या गुराख्याला मारून तिला उचलून नेतो. ती दचकून जागी होते तर समोर तोच उभा, सोबत न्यायला आलेला. मला इंग्रजी येत नाही. पण या भागात कुणी बोलतच नाही, त्यामुळे माझे काहीच अडले नाही. भलत्या माणसाच्या घरी पडण्याची धास्ती लग्नाआधी कोणत्या मुलीला वाटत नाही? ती आपण आईलाही सांगत नाही. या बाईने ती हजारो लोकांसमोर मांडली, आणि तीही एक शब्द न बोलता.

'ओक्लाहोमा' ३१ मार्च १९४३ रोजी सुरू झाले आणि १९४८ पर्यंत त्याचे २,२१२ प्रयोग झाले. त्याच १९४३ साली बाईंनी वॉल्टर प्रूड यांच्याशी लग्न केले. ते सैन्यात अधिकारी होते. लग्नानंतर लवकरच त्यांना युद्धासाठी परदेशी जावे लागले आणि बाई मागे राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे 'ब्लूमर गर्ल' हे नाटक आले. त्यात अमेरिकेतल्या जुन्या यादवी युद्धाचा काळ होता. बाईंनी एक नाच बसवला, त्यात पुरुष लढाईला गेले आहेत आणि बायका मागे थांबल्या आहेत. काहींचे पुरुष परत येतात, एकीचा येत नाही. नाटकवाल्यांना हा नाच नको होता. आनंदी नाटकात रडे कशाला, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी हट्ट सोडला नाही. प्रयोगाला बसलेल्या बायकांपैकी कितीतरींचे नवरे आणि मुलगे त्या घडीला खरोखरच रणांगणावर होते. त्या रडल्या, पण नाच काढा असे कुणी म्हणाले नाही. तो नाटकात राहिला.

१९४६ साली त्यांना मुलगा झाला. प्रकृती नाजूक असलेले मूल, दौऱ्यांचे काम, तालमी आणि घर, सगळे त्यांनी पेलले. १९४५ मध्ये 'कॅरोसेल', १९४७ मध्ये 'ब्रिगाडून'. त्या वर्षी टोनी नावाची नाट्य-पारितोषिके प्रथमच दिली गेली. त्यांतले नृत्यरचनेचे पारितोषिक ॲग्नेसबाई आणि मायकेल किड अशा दोघांना मिळाले. १९४८ मध्ये त्यांनी 'फॉल रिव्हर लेजंड' हा बॅले केला. फॉल रिव्हर गावात १८९२ साली एका घरात बाप आणि सावत्र आई कुऱ्हाडीने मारले गेले आणि मुलीवर खटला झाला. खऱ्या न्यायालयाने तिला निर्दोष सोडले होते, बॅलेत मात्र ती फाशी जाते. कोंडलेल्या घरात कोंडलेली मुलगी कुठवर जाऊ शकते, असा तो विषय. म्हणजे बाई नुसते गोड गोड नाच करीत नव्हत्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही बाई निवडली ती सांगते.

नाटक चालले की लेखकाला आणि संगीतकाराला प्रत्येक प्रयोगामागे वाटा मिळतो, कारण शब्द आणि सूर कागदावर असतात आणि कायदा त्यांना त्यांची मालमत्ता मानतो. नाच बसवणारीला ठरलेले मानधन आणि वर थोडेफार. तिची रचना नाचणाऱ्यांच्या अंगात असते. ती दुसऱ्या गावी दुसऱ्या कुणी उचलली तर हे माझे आहे असे म्हणायला तिच्यापाशी पुरावा काय? 'ओक्लाहोमा' गावोगाव, देशोदेशी होत राहिले, त्यातले नाच लोक ओळखू लागले, पण बाईंचा त्यांवर तसा हक्क नव्हता. त्यांनी हे मुकाट्याने घेतले नाही. त्या बोलल्या, लिहिले, सरकारदरबारी म्हणणे मांडले. १९५९ साली नाट्यदिग्दर्शक आणि नृत्यरचनाकार यांची संघटना निघाली, तिच्या उभारणीत त्या होत्या आणि पुढे अध्यक्षही झाल्या. अखेर अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने नृत्यरचनेला स्वतंत्र कलाकृती म्हणून मान्यता दिली आणि तो १९७८ पासून लागू झाला. आपल्याकडेही १९५७ च्या कायद्यात नृत्यरचना येते. अट इतकीच, की ती लिहून किंवा अन्य तऱ्हेने टिपून ठेवलेली हवी.

हे वाचताना मला आपल्या मंडळाचा एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या समारंभात आपण मंगळागौरीचे खेळ केले होते. त्यांच्या पत्रिकेवर निवेदकाचे नाव होते, मांडववाल्याचे होते, फराळ देणाऱ्याचे होते. खेळ बसवणाऱ्या आपल्या मावशींचे नव्हते. दोन महिने रोज दुपारी गुडघ्याला पट्टी बांधून मावशींनी आपल्याला उभे केले होते. कोणत्या झिम्म्यानंतर कोणती फुगडी घेतली म्हणजे दम टिकतो, कुठे रिंगण मोडायचे आणि पिंगा कधी धरायचा म्हणजे पाहणाऱ्याची नजर हलत नाही, हे सगळे त्यांचे. आम्ही दोघी-तिघी रागावलो, तर मावशीच म्हणाल्या, "नाव कशाला गं? खेळ काय मी काढलेत? ते माझ्या आजेसासूपासून आलेत."

त्यांच्या या बोलण्यावर मी फार दिवस विचार करीत होते. खेळ जुनेच आहेत हे खरे. पण ॲग्नेसबाईंनीही खेड्यातल्या शनिवार रात्रीचा नाच नव्याने काढला नव्हता. तोही त्यांच्या लोकांच्या आज्यापणज्यांपासूनच आला होता. कोणता तुकडा कुठे ठेवायचा, कुणाला मध्ये आणायचे, कुठे टाळ्या थांबवून नुसते उभे राहायचे, ही निवड त्यांची होती, आणि ती निवड म्हणजेच रचना. पीठ बाजारातले असले तरी पोळी लाटणारीची असते. मावशींचे काम त्याच जातीचे होते. आपण त्याला हौस म्हणतो, म्हणून त्याला नाव लागत नाही.

मावशी आता आपल्यात नाहीत. त्यांना किती खेळ येत होते ते त्यांनीही कधी मोजले नव्हते. गेल्या श्रावणात आपण खेळायला उभ्या राहिलो तेव्हा अध्येमध्ये अडत होतो. पाय उचलला जाई आणि पुढचे आठवत नसे. ज्या तिघीचौघींना आठवत होते, त्यांच्यातही एकमत होईना. मांडणी गेली, काही गाणीही गेली. हे नुकसान पत्रिकेवर नाव न छापण्याहून मोठे आहे.

ॲग्नेसबाईंनाही ही काळजी होती. अमेरिकेतले जुने लोकनाच विसरले जाऊ नयेत म्हणून त्यांनी उतारवयात 'हेरिटेज डान्स थिएटर' ही नृत्यमंडळी काढली. १५ मे १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचा मोठा कार्यक्रम होता. प्रयोगाला थोडा वेळ उरला असताना त्या एका करारावर सही करायला गेल्या आणि हात चालेना. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवे अंग गेले. वय एकोणसत्तर. जिने जन्मभर दुसऱ्यांना हातपाय कसे हलवायचे ते शिकवले, तिला आपला हात कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळेना.

त्या डाव्या हाताने लिहायला शिकल्या. पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा चालल्या. १९७७ साली त्यांनी नर्तकांना सोबत घेऊन नाचावरचा आपला बोलका कार्यक्रम न्यूयॉर्कच्या रंगमंचावर केला. १९८१ साली या आजारपणावर पुस्तक लिहिले. १९८८ मध्ये पती गेले. त्यानंतर १९९१ मध्ये आपली थोर मैत्रीण, नर्तकी मार्था ग्रॅहम हिचे मोठे चरित्र प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, शेवटचा बॅले रंगमंचावर आणला. ७ ऑक्टोबर १९९३ रोजी त्या वारल्या. त्यांचे नाच मात्र आजही बसवले जातात, कारण ते टिपून ठेवलेले आहेत आणि एकीने दुसरीला शिकवलेले आहेत.

एवढे सांगून मी एक सूचना मांडते आणि थांबते. येत्या श्रावणापर्यंत आपल्या मंडळाने एक वही घालावी. ज्या सासवा, ज्या आत्याबाई, ज्या मामी अजून खेळू शकतात, निदान बसून हाताने दाखवू शकतात, त्यांच्याकडे दुपारी दोघीदोघींनी जावे. कोणता खेळ, त्याचे गाणे कोणते, किती जणी लागतात, पाय कुठला आधी पडतो, हे लिहून घ्यावे. तरुण मुलींनी ते मोबाईलवर टिपूनही घ्यावे. आणि प्रत्येक खेळापुढे, हा आम्हांला कुणी दाखवला, त्या बाईचे पूर्ण नाव घालावे. नुसते 'मावशी' नको. पुढे कुठेही आपण खेळलो तर मांडववाल्याच्या नावाशेजारी बसवणारीचे नाव छापा, असे बोलावणाऱ्यांना आधीच सांगावे. त्यांना ते नको असेल तर आपण आपल्याच अंगणात खेळू.

वहीसाठी दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही मी घेऊन ठेवली आहे. पहिल्या पानावर मावशींकडून मला येतात ते सात खेळ मी लिहिले आहेत. बाकीची पाने कोरी आहेत. सभा संपल्यावर ज्यांना नावे सांगायची असतील त्यांनी चहाच्या टेबलापाशी माझ्याकडे यावे.